वालचंद, फियाट आणि आमचं गॅरेज

वालचंद हे नाव आपल्या सगळ्यांना सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे माहीत. पण हा माणूस कोण, असं विचारलं की होस्टेलच्या अर्ध्या पोरांची दांडी गुल! माझ्या कानावर हे नाव शाळेत असल्यापासून आहे. मी अष्टमीचा. रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या काठची जोडगावं. तिथे आमचं गॅरेज आहे, आजोबांनी सुरू केलेलं, आता बाबा बघतात. आमच्याकडे जुन्या फियाट येतात आणि त्या गाड्यांची गोष्ट वालचंदांपासून सुरू होते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं गुजराती जैन, सोलापुरात स्थायिक झालेलं. धंदा कापसाचा आणि सावकारीचा. पेढीवर बसले असते तर आयुष्य आरामात गेलं असतं. पण तिथे त्यांचं मन रमेना. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांच्याशी भागीदारी करून वालचंद रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. पुढे बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं कामही त्यांनी केलं.

१९१९ मध्ये त्यांनी भागीदारांसोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. समुद्रावर तेव्हा इंग्रज कंपन्यांचं राज्य. त्यांच्या नाकावर टिच्चून 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं. म्हणूनच ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. १९४० मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना (आजची एचएएल), १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा. एका माणसाच्या आयुष्यात किती ते उद्योग!

आता मोटारीकडे येऊ. भारतात मोटार बनली पाहिजे, हा ध्यास सर विश्वेश्वरय्यांचाही होता आणि त्यांनी तशी योजनाही तयार केली होती. वालचंद त्या कामाला लागले आणि १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. पण महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने मदतीचा हात आखडता घेतला. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला परदेशातून आलेले भाग इथे फक्त जोडले जायचे. भाग इथे बनू लागले ते हळूहळू, वर्षानुवर्षांच्या मेहनतीने.

८ एप्रिल १९५३ ला वालचंद गेले. पुढच्याच वर्षी कुर्ल्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. म्हणजे ज्या गाडीने त्यांचा कारखाना घराघरात पोचवला, ती इथे बनलेली त्यांनी पाहिलीच नाही. १९७४ पासून तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा. गाडी वर्षानुवर्षं फारशी बदलली नाही. ग्राहक वैतागले असतील, पण मेकॅनिकची मात्र चंगळ झाली! बापाने शिकलेलं काम मुलाला जसंच्या तसं उपयोगी पडलं. आमचे बाबा स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट वाजतोय ते सांगतात. हे आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळीपिवळी पद्मिनीही निवृत्त झाली. पण २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणजे काल भंगारात निघणारी फियाट आज मानाची झाली! अडचण एकच, पार्ट मिळत नाहीत. आणि ते ओळखणारे, घासूनपुसून बसवणारे हात म्हातारे होत चाललेत.

घरी विषय निघतोच, की कॅम्पसमधून नोकरी घ्यायची की गॅरेज सांभाळायचं? वालचंदांनी तर बापाची पेढी सोडली, म्हणजे मीही सोडायला मोकळा, असं वाटतं. पण मग लक्षात येतं की त्यांनी धंदा बदलला, तरी बापाकडून मिळालेली हिशेबाची नजर सोडली नाही. मला घरून मिळालेली गोष्ट म्हणजे बाबांचा कान. शटर कोणी उघडायचं ते पुढचं पुढे बघू, ही विद्या मात्र बाबांबरोबर संपू द्यायची नाही, एवढं मी ठरवलंय.

म्हणून फायनल इयरच्या प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने फियाटचे दुर्मिळ पार्ट घेतलेत. एकेक पार्ट मोजायचा, त्याचं ड्रॉइंग करायचं आणि वर्कशॉपच्या लेथवर जमेल तेवढं बनवून बघायचं. तुमच्या गावी कोणाच्या अंगणात जुनी फियाट किंवा डॉज ताडपत्रीखाली उभी असेल, तर आम्हाला जरूर कळवा. व्हर्नियर घेऊन येतो. मालकाने चहा दिला तर उत्तमच, नाही दिला तरी मापं घेऊनच परतू!