ग्रंथसंग्राहक बाबासाहेब

नामांकित कादंबऱ्यांच्या जुन्या, पहिल्या आवृत्त्या जमविण्याचा छंद असलेली माणसे मोठ्या शहरांतून आढळतात. असे पुस्तक हाती लागले की ते कपाटात जपून ठेवावयाचे, पाने उलटून खराब करावयाचे नाही, हा अनेकांचा शिरस्ता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही जन्मभर पुस्तके गोळा केली, पण ती वाचण्यासाठी. आणि ग्रंथसंग्राहक म्हणून मला तेच थोर वाटतात.

या वेडाचे मूळ त्यांच्या वडिलांत होते. सुभेदार रामजी हे तुटपुंज्या पेन्शनीवर जगणारे गृहस्थ. मुंबईत परळच्या चाळीत एकाच खोलीत सारा संसार. भीमरावाने पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले, की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्याजवळ रोकड नसली तर दागिना मागून घेत, तो गहाण टाकीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. गाईडाखेरीज दुसरे पुस्तक घ्यावयाचे म्हटले की आपल्या मुलचेऱ्यातही पालकांच्या कपाळाला आठी पडते. तीत त्यांचा फारसा दोष नाही, हे मी जाणतो. तरीही रामजींची ही हकीकत मी वर्गात दरवर्षी सांगतो.

1913 साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे 2000 ग्रंथ विकत घेतले. 1916 मध्ये लंडनला जाताना तो संग्रह एका मित्राच्या हवाली केला; त्यातला काही भागच पुढे त्यांच्या हाती आला. 1917 मध्ये मायदेशी परतताना वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे सामान टॉर्पेडोमुळे समुद्रात बुडाले. नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले, त्यांतूनच त्यांना नोकरीसाठी बडोद्यास जाता आले.

दुसरा कोणी असता तर या नादाला पुन्हा लागला नसता. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते ग्रंथांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. हे ग्रंथ बाहेर नेऊ देण्यास ते नाखूष असत. मात्र 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि त्यांच्या संग्रहातील बरीच पुस्तके तेथील विद्यार्थ्यांसाठी गेली.

त्यांच्या स्वतःच्या एका पुस्तकाची पहिली आवृत्तीही सांगण्यासारखी आहे. 1936 साली लाहोरच्या परिषदेतील त्यांचे अध्यक्षीय भाषण होऊ शकले नाही. तेव्हा ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने त्यांनी ते स्वखर्चाने छापले. 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेब धम्मदीक्षेसाठी आपल्या चंद्रपुरास आले होते. तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळलेली होती, तरी लेखन चालूच होते. 5 डिसेंबरच्या रात्री दिल्लीत ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद त्यांनी तपासण्यासाठी जवळ ठेवून घेतले. पहाटे ते गेल्याचे उघडकीस आले. ग्रंथाची पहिली आवृत्ती 1957 साली मुंबईत निघाली.