सायकलच्या दुकानातून आकाशाकडे : विल्बर राइट

विमानाचा शोध कोणी लावला, या प्रश्नाचे उत्तर चौथीतला मुलगाही देतो. राइट बंधूंनी! उत्तर बरोबर असते, गुण मिळतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ‘बंधू’ या शब्दात दोन माणसे आहेत. त्यांतला थोरला कोण, उडण्याचा ध्यास त्याने घेतला तेव्हा त्याचे वय काय होते आणि पोटासाठी तो काय करीत होता, हे विचारावे असे कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही कधी आले नव्हते.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांचे सायकल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. सुट्टीत मीही तेथे बसतो, पंक्चर काढतो, रिमचा आऊट काढतो. खरे सांगायचे तर वर्गात हे सांगताना मला संकोच वाटत असे. दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालयातून आणलेल्या एका पुस्तकात विल्बर राइटचे चरित्र वाचले आणि तो संकोच कोठे गेला ते कळलेच नाही. म्हणून हा लेख.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात, मिलव्हिल या गावाजवळ झाला. वडील मिल्टन राइट हे धर्मोपदेशक, पुढे बिशप झाले. त्यामुळे बदल्या पाठीशी लागलेल्या. आई सुसान ही गाड्या बनविणाऱ्या कारागिराची मुलगी. हत्यारे वापरण्यात तिचा हात मोठा तयार होता. मोडलेली वस्तू मुले वडिलांकडे नव्हे, आईकडे घेऊन जात. १८७८ साली वडिलांनी बांबू, बूच, कागद आणि रबर यांचे उडणारे एक खेळणे घरी आणले. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि धाकटा ऑर्व्हिल सात वर्षांचा. ते खेळणे मोडले, पण पोरांच्या मनातून गेले नाही.

विल्बर अभ्यासात हुशार होता, खेळातही पुढे होता. येल विद्यापीठात त्याला पाठवावे असा घरात विचार चालू होता. शाळेचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला. पण नेमके त्याच वेळी, १८८४ साली, कुटुंब ओहायो राज्यातील डेटन गावी गेले आणि शाळेचे प्रमाणपत्र घ्यायचे राहिले ते राहिलेच. १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना कोणाची तरी काठी त्याच्या तोंडावर बसली. समोरचे दात गेले. जखम भरली, पण पुढे हृदयाची धडधड सुरू झाली आणि हा मुलगा एकाएकी मिटून गेला. येलचा विषय मागे पडला. आईला क्षयाने ग्रासले होते. तीन वर्षे विल्बर घरात राहिला. आईला उचलून खाली आणावे, रात्री पुन्हा वर न्यावे आणि मधल्या वेळात वडिलांच्या कपाटातली पुस्तके वाचावीत, हा त्याचा दिनक्रम. ४ जुलै १८८९ रोजी आई गेली.

मित्रहो, माझे वय आज एकोणीस आहे. या वयात विल्बरच्या हातून महाविद्यालय निसटले होते, आणि ते पुन्हा कधीच हाती आले नाही. त्या घरातल्या धाकट्या तिघा भावंडांत पदवी मिळाली ती एकट्या बहिणीला, कॅथरिनला. दोघे भाऊ तसेच राहिले.

याच सुमारास विल्बर धाकट्या भावाच्या छापखान्यात शिरला. ऑर्व्हिल छापी आणि विल्बर संपादन करी, असे एक लहानसे साप्ताहिक त्यांनी चालविले. ते फार चालले नाही. १८९२ च्या सुमारास अमेरिकेत सायकलची लाट आली, तेव्हा दोघांनी सायकलचे दुकान काढले. आधी विक्री-दुरुस्ती आणि १८९६ पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली. धंदा बरा चालला. पण विल्बरचे मन त्यात पुरते रमले नाही. आपण व्यापारी माणूस नव्हे, आपल्याकडून दुसरे काही तरी व्हायचे राहून गेले आहे, ही टोचणी त्याला होती.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये ऑटो लिलिएन्थाल हा जर्मन अभियंता ग्लायडरमधून पडून मरण पावला. पंख लावून टेकडीवरून दोन हजारांच्या आसपास उड्डाणे केलेला हा माणूस. त्याच्या मृत्यूची बातमी वाचून विल्बरचे जुने कुतूहल जागे झाले. तरी त्याने धंदा टाकून उडी घेतली नाही. तीन वर्षे तो पक्ष्यांकडे बघत राहिला, मिळेल ते वाचत राहिला. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेला पत्र लिहिले आणि उड्डाणाविषयी जे छापले गेले असेल ते आणि वाचण्याजोग्या पुस्तकांची यादी मागितली. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. अविवाहित, वडिलांच्या घरी राहणारा सायकलवाला. संस्थेने पुस्तिका व यादी पाठविली. त्याचे विद्यापीठ म्हणावे तर ते हेच.

येथे सायकल मदतीला आली. उड्डाणाच्या मागे लागलेले बहुतेक लोक आपोआप स्थिर राहील असे यंत्र शोधत होते. सायकल मात्र स्वतःहून उभी राहत नाही, बसणारा क्षणोक्षणी तोल सावरतो म्हणून ती चालते. विमानही असेच असले पाहिजे, तोल यंत्राने नव्हे तर माणसाने राखावा, हे विल्बरने ओळखले. पण पंखांना तोलावे कसे? एके दिवशी दुकानात गिऱ्हाईक ट्यूब घ्यायला आले. बोलता बोलता विल्बर ट्यूबची रिकामी लांबट पेटी हातात पिळत होता. पेटीचे एक टोक वर आणि दुसरे खाली वळले. त्याला वाटले, दोन मजली पंख असेच पिळता आले तर एका बाजूला हवेचा उचल जास्त मिळेल, दुसरीकडे कमी. आणि कललेले यंत्र सरळ होईल! त्याच उन्हाळ्यात पाच फूट रुंदीचा पतंग करून त्याने ही कल्पना पडताळून पाहिली.

पुढचे काम म्हणजे माणूस बसेल असे ग्लायडर. सतत वारा आणि पडले तर इजा होऊ नये अशी वाळू हवी, म्हणून उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील किटी हॉक हे कोळ्यांचे खेडे निवडले. सप्टेंबर १९०० मध्ये विल्बर सुटे भाग घेऊन एकटाच निघाला. अठरा फुटी लाकडे वाटेत मिळाली नाहीत, सोळा फुटींवर भागवावे लागले. शेवटचा टप्पा एका गळक्या होडीतून, वादळात. पोहोचल्यावर पंख आखूड करणे आले, म्हणजे डेटनहून शिवून आणलेले साटीन उसवून पुन्हा शिवणे आले. गावच्या टेट नावाच्या गृहस्थांच्या घरी उतरला होता, त्यांच्या पत्नीचे शिलाई यंत्र मागून घेतले आणि अंगणात बसून विमानाचे कापड शिवले. या सगळ्या ग्लायडरचा खर्च सुमारे पंधरा डॉलर. प्रयोग संपल्यावर ते तेथेच सोडले, तेव्हा टेटबाईंनी त्या साटीनचे मुलींसाठी झगे शिवले!

१९०१ साली मोठे ग्लायडर नेले, पण पदरी निराशा आली. लिलिएन्थालच्या तक्त्यांवरून हिशेब केलेला उचल मिळेना, सुमारे एक तृतीयांशच मिळाला. परत येताना विल्बर इतका खचला होता की माणूस उडेल, पण आपल्या हयातीत नाही, असे त्याला वाटू लागले. दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता. थोरांनी छापलेले आकडे चुकीचे कसे असतील, चूक आपलीच, असे म्हणाला असता. या दोघांनी मात्र सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली. तिच्या एका टोकाला पंखा बसविला, आत करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या स्पोकची तार यांचा नाजूक तराजू लावला आणि पत्र्याचे लहान लहान पंख करून प्रत्येकाचा उचल मोजला. दोनशेच्या आसपास आकार त्यांनी तपासले. त्या हिवाळ्यात स्वतःचे तक्ते तयार झाले. १९०२ चे ग्लायडर या तक्त्यांवर बांधले. त्याला हलणारे सुकाणू जोडण्याची कल्पना ऑर्व्हिलची, ते पंखांच्या पिळाशी जोडण्याची विल्बरची. या ग्लायडरने सातशेहून अधिक वेळा ते वाऱ्यावर तरंगले. खरा शोध येथेच लागला होता. आता फक्त इंजिन हवे होते.

या काळात पोटाचे काय? धंदा बंद नव्हता. खर्चाला लागणारा पैसा सायकलींतूनच येत होता. हे दोघे किटी हॉकला गेले की कॅथरिन आणि कारागीर चार्ली टेलर दुकान सांभाळत. कोणाचे कर्ज नाही, सरकारचे अनुदान नाही. हलके इंजिन कोणी कारखानदार देईना, तेव्हा टेलरने दुकानाच्या मागच्या खोलीत सहा आठवड्यांत ते घडविले. बारा अश्वशक्तीचे, ॲल्युमिनियमच्या कवचाचे. हवेत फिरणारे पंखे लाकडातून हाताने कोरले. इंजिनापासून पंख्यांपर्यंत शक्ती न्यायला साखळ्या वापरल्या, सायकलच्याच तत्त्वावर! पंखांचा मधला भाग दुकानात मांडला तेव्हा पुढच्या खोलीतून मागे जायची वाटच बंद झाली. गिऱ्हाईक आले की बाजूच्या दाराने वळसा घालून पुढे यावे लागे. पूर्ण विमान मांडायला जागाच नव्हती. म्हणून ते सुट्या भागांनी किटी हॉकला गेले आणि तेथल्या छपरीतच प्रथम जोडले गेले.

त्याच वर्षी स्मिथ्सोनियनचे प्रमुख, नामांकित शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ले यांचे विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर असे दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले. त्यासाठी लष्करी खात्याने पन्नास हजार डॉलर दिले होते. राइट बंधूंच्या विमानाचा खर्च एक हजार डॉलरच्या आत होता. लँग्लेंना मी हसत नाही. त्यांनीही प्रामाणिकपणे कष्ट केले. पण त्यांनी भर दिला तो शक्तीवर. विल्बरने आधी तोल सांभाळायला शिकून घेतले, मग शक्ती जोडली. सायकल शिकणाऱ्या पोराला हा क्रम सांगावा लागत नाही.

१४ डिसेंबर १९०३ रोजी नाणेफेक झाली आणि विल्बर जिंकला. पण त्याने सुकाणू जरा जास्त ओढले. विमान वर उठले, थबकले आणि साडेतीन सेकंदांत वाळूवर आदळले. दुरुस्तीत तीन दिवस गेले. १७ डिसेंबरला पाळी ऑर्व्हिलची. बारा सेकंद आणि एकशे वीस फूट. इतिहासात पहिले नाव त्याचे लागले, आणि विल्बरने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. त्याच दिवशी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. नंतर वाऱ्याच्या झोताने विमान उलथले, मोडले. ते पुन्हा कधी उडाले नाही.

काम मात्र संपले नव्हते. डेटनजवळच्या गायरानावर दोन वर्षे खटपट चालली. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर ३९ मिनिटे हवेत राहिला, चोवीस मैल उडाला. आता हा खेळ राहिला नव्हता. सायकली हळूहळू मागे पडल्या. तरी जगाचा विश्वास बसेना. १९०८ साली तो फ्रान्सला गेला. विमानाच्या पेट्या उघडल्या तर आत सगळा चुराडा. आठवडेच्या आठवडे बसून त्याने ते पुन्हा बांधले. मध्येच इंजिनाची नळी सुटून उकळत्या पाण्याने हात भाजला. ८ ऑगस्ट रोजी ल माँ शहराजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर तो दोन मिनिटेही उडाला नाही. पण ज्या सहजतेने त्याने वळणे घेतली ती पाहून कालपर्यंत थट्टा करणारे लोक टोप्या उडवू लागले. तो मात्र विमानाशेजारी छपरीतच झोपत राहिला.

यशानंतरची वर्षे सुखाची गेली असे म्हणता येत नाही. सप्टेंबर १९०८ मध्ये अमेरिकेत ऑर्व्हिलच्या विमानाला अपघात झाला. बरोबरचे लेफ्टनंट सेल्फ्रिज मृत्युमुखी पडले आणि ऑर्व्हिल जबर जखमी झाला. पुढे कंपनी निघाली आणि एकस्वाचे दावे सुरू झाले. विल्बरच्या हातातला पान्हा सुटला, वकिलांची कागदपत्रे आली. या दाव्यांनी अमेरिकेतील विमानविद्येचे नुकसान झाले, असे काही अभ्यासक म्हणतात. आपल्या कष्टाचे फळ आपल्या नावे राहावे ही त्याची इच्छा मला समजते. पण पंधरा डॉलरच्या ग्लायडरवर आनंदाने राबणारा माणूस कचेऱ्यांत झिजला, याचे वाईट वाटते. विषमज्वराने डेटनच्या घरी त्याचा अंत झाला, तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता. तारीख होती ३० मे १९१२. स्मिथ्सोनियनला पत्र लिहिले त्या दिवसाला बरोबर तेरा वर्षे झाली होती.

आज १९०३ चे ते विमान वॉशिंग्टनला त्याच स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. ज्या संस्थेकडे त्याने वाचायला पुस्तके मागितली, तिनेच त्याने घडविलेली वस्तू जपून ठेवली आहे.

विल्बरने पदवी घेतली नाही म्हणून पदवी निरुपयोगी, असा अर्थ मी काढत नाही. ज्यांच्या घरात ती प्रथमच येणार आहे त्यांना तिची किंमत ठाऊक असते. माझ्या फीचे पैसे कोठून येतात हे मी रोज पाहतो. मी एवढेच शिकलो, की पुस्तक आणि पान्हा यांचे वैर नाही. विल्बरने दोन्ही हाती धरले; पुस्तक चुकते असे दिसले तेव्हा स्वतः मोजून पाहिले आणि नवे काम हाती येईपर्यंत जुन्याचा आधार सोडला नाही.

परवा दुकानात एका चाकाचा आऊट काढत होतो. स्पोक आवळता आवळता चाक सरळ फिरू लागले. वडील शेजारी होते. मी त्यांना विल्बरची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि मग विचारले, की त्याच्या दुकानात मागची खोली केवढी होती? मला उत्तर देता आले नाही. पण प्रश्न मात्र नेमका होता.