गायरानाचा कैवारी : ऑगस्टस स्मिथ

लंडनच्या वायव्येस बर्कमस्टेड नांवाचें गांव आहे. तेथील माळावर गोरगरीब पिढ्यान् पिढ्या गुरें चारीत व चुलीसाठीं झुडपें तोडीत. १८६६ च्या फेब्रुवारींत लॉर्ड ब्राउनलो यांच्या जहागिरीच्या कारभाऱ्यांनीं लोखंडी कुंपण घालून माळाचा सुमारें तिसरा हिस्सा अडविला. बड्यांशीं झगडणार कोण?

ऑगस्टस स्मिथ पुढें झाले. यांचा जन्म १८०४ सालचा. ते स्वतः जमीनदार. १८३४ पासून सिली बेटें त्यांच्या ताब्यांत होतीं. तेथील त्यांचा अंमल कडक होता. पण शाळेंत येणाऱ्या मुलास आठवड्याला एक पेनी फी आणि घरीं राहणाऱ्यास दोन, असा त्यांचा नियम सांगतात!

६ मार्च १८६६ च्या रात्रीं त्यांच्या खर्चानें खास आगगाडींतून लंडनहून सुमारें १२० मजूर आले. सकाळपर्यंत कुंपण निघालें; गजांचे नीट ढीग रचले गेले. वार्ता पसरतांच गांवकरी पायीं व गाड्यांतून माळावर लोटले. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि १८७० सालीं गांवकऱ्यांचा हक्क मान्य झाला. दोन वर्षांनीं स्मिथ निवर्तले. तो माळ मात्र आजहि मोकळा आहे.

शेजाऱ्याची शेतसीमा सरकवूं नये, अशी पवित्र शास्त्राची आज्ञा आहे. ती स्वतः पाळणारे पुष्कळ आढळतात. दुबळ्यांची सीमा दुसऱ्यानें सरकविली असतां आपला पैसा व सुख पणास लावणारे विरळा. आमच्या विद्यार्थ्यांची गणना त्या विरळांत व्हावी, अशी आमची प्रार्थना आहे.