बाळू पालवणकर

बाळू पालवणकर हे आपल्या देशातले फार मोठे गोलंदाज होऊन गेले. त्यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. त्यांचे घर चर्मकार समाजाचे होते. वडील लष्करात नोकरीला होते. त्यामुळे बाळूंचे लहानपण पुण्यात गेले. विठ्ठल, शिवराम आणि गणपत हे त्यांचे भाऊ. तेसुद्धा पुढे चांगले खेळाडू झाले.

बाळूंनी लहानपणीच काम धरले. आधी पुण्यात पारशी लोकांच्या क्लबात मैदान झाडायचे, रोलर ओढायचा. पगार महिन्याला ३ रुपये. मग १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या क्लबात गेले. तिथे ४ रुपये मिळायचे. सगळे काम तेच. खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची. साहेबांना सराव पाहिजे म्हणून तासन्‌तास चेंडू पण टाकायचे. ते डाव्या हाताने फिरकी टाकत. ग्रेग नावाचा एक साहेब तर सगळ्यांच्या आधी येऊन त्यांच्याकडून सराव करून घ्यायचा. असे सांगतात, की तो बाद झाला की बाळूंना आठ आणे द्यायचा. पण इतकी वर्षे चेंडू टाकून बाळूंच्या हातात बॅट कोणी दिली नाही. बॅट साहेबांनीच धरायची.

मग पुण्याच्या हिंदू लोकांच्या क्लबाला इंग्रजांना हरवायचे होते. बाळूंना संघात घ्यायचे की नाही यावर तिथे वाद झाला. काहीजण म्हणत होते घ्या, काही म्हणत होते नको. कारण त्या काळी शिवाशीव पाळायचे. शेवटी घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकणे अवघड होते. मैदानात सगळे त्यांच्याच हातचा चेंडू झेलायचे. तेव्हा कोणाला विटाळ होत नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये बसून कपबशीतून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळायचा. पिऊन झाले की बोळके टाकून द्यायचे. जेवायचे पानसुद्धा वेगळे मांडायचे. हे वाचून मला फार राग आला. आईला वाचून दाखवले तर ती काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली.

पुढे बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी केली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली त्यांच्या संघाने इंग्रजांना १०९ धावांनी हरवले. १९११ साली भारताचा संघ बोटीने इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज कप्तान होते. त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले! संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंचे नाव झाले.

आता सगळ्यांना वाटेल, एवढा मोठा खेळाडू म्हणजे कप्तान झालाच असेल. (आमच्या वर्गात ज्याची बॅट तो कप्तान, ते सोडा.) तेव्हा मुंबईत इंग्रज, पारशी, हिंदू, मुसलमान असे धर्मावरून संघ होते आणि त्यांच्यात स्पर्धा व्हायची. दरवर्षी हिंदू संघाचा कप्तान दुसराच कोणीतरी व्हायचा. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै यांनी तर स्वतःच सांगितले की हा मान बाळूंना मिळायला पाहिजे होता. ते चांगले होते म्हणून बोलले. तरी बाळू कप्तान झाले नाहीत.

१९२० साली बाळूंना एका सामन्यातून वगळले. विठ्ठललाही कप्तान केले नाही. मग विठ्ठल आणि शिवराम खेळायलाच गेले नाहीत. जातीवरून आम्हांला डावलतात असे त्यांनी सगळ्यांना उघड कळवले. दोघे मोठे खेळाडू होते, त्यामुळे संघाला फटका बसला. लोकपण त्यांच्या बाजूने झाले. पुढच्या सामन्याला त्यांना परत बोलावले आणि बाळूंना उपकप्तान केले. त्या सामन्यात पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ बाळू कप्तान होते. बस, तेवढाच वेळ.

मग १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांचा संघ इंग्रजांविरुद्ध जिंकला. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले.

खेळ सुटल्यावर बाळू समाजाच्या कामात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे होते, त्यात बाबासाहेब निवडून आले. १९५५ साली मुंबईत बाळू वारले.

शेजारी मी त्यांचे चित्र काढले आहे. हातात बॅट पण दिली आहे. लाल खडू संपला म्हणून चेंडू विटकरी झाला.