बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ कलामहर्षी बाबूराव पेंटर (३ जून १८९०, कोल्हापूर – १६ जानेवारी १९५४, कोल्हापूर) हे मराठी चित्रपट दिग्दर्शक, चित्रकार व शिल्पकार होते. स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपटनिर्मिती उभी करणारे कलावंत म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

कॅमेऱ्याची निर्मिती

कारागिरांच्या घराण्यात जन्मलेल्या बाबूरावांनी चुलत बंधू आनंदराव यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'नंतर (१९१३) दोघांनाही चित्रपटाचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेर असल्याने तो स्वतःच बनविण्याचे त्यांनी ठरविले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले; तरीही बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास कॅमेरा पूर्ण केला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक साहाय्याने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

मूकपट

'सैरंध्री' (१९२०) हा कंपनीचा पहिला चित्रपट पुण्यात आर्यन चित्रपटगृहात झळकला. स्त्रीभूमिकांसाठी अभिनेत्री मिळणे दुरापास्त असण्याच्या त्या काळात बाबूरावांनी त्या स्त्रियांनाच दिल्या. कीचकवधाचे दृश्य इतके भेदक उतरले, की ते वगळावे लागले. या कामगिरीबद्दल लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. दृश्यांची रेखाटने आधी काढणे, रंगविलेल्या पडद्यांऐवजी भरीव नेपथ्य उभारणे आणि 'सिंहगड'मध्ये (१९२३) कृत्रिम प्रकाशाचा वापर करणे, ही त्यांच्या कार्यपद्धतीची वैशिष्ट्ये होत.

सावकारी पाश

नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील 'सावकारी पाश' (१९२५) या चित्रपटात कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीत मजुरी करणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी होती. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांकडून त्याला अपेक्षित यश लाभले नाही. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मात्र अभ्यासक येथूनच मानतात. बाबूरावांनी १९३६ मध्ये हाच विषय बोलपटरूपाने पुन्हा मांडला.

उत्तरकाळ व वारसा

दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे सहकारी बाहेर पडले आणि १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये प्रभात पुण्यात आली. तिच्याच आवारात आज भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था आहे. गुरूची संस्था मात्र बोलपटांच्या आगमनकाळात बंद पडली. त्यानंतर बाबूरावांनी 'उषा' (१९३५), 'प्रतिभा' (१९३७) आणि शांतारामांच्या संस्थेसाठी 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) हे चित्रपट केले.

त्यांचे बहुतांश मूकपट आज उपलब्ध नाहीत. 'मुरलीवाला' (१९२७) सारख्या चित्रपटांचे अवशेष तेवढे उरले आहेत. त्यामुळे बाबूरावांच्या दृष्टीचा परिचय आज मुख्यतः त्यांच्या शिष्यांच्या चित्रपटांतूनच होतो. ज्यांचे जतन झाले नाही अशा मूकपटांची ही हानी जुन्या चित्रफिती सांभाळणाऱ्या, कोथरूडमध्येही संकुल असलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांचे मोल अधोरेखित करते.