४२.३४ मीटरवरील उषाबेन

१९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते गजाआड गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. तेव्हा मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता यांनी सहकाऱ्यांसह गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला. त्यांचे वडील ब्रिटिश अमदानीतील न्यायाधीश, हे विशेष.

४२.३४ मीटरवरील या प्रक्षेपणाच्या मागावर पोलीस होते. असा माग काढण्याचे जुने साधन म्हणजे तारेच्या वेटोळ्याची एरियल. कंडेन्सर फिरवून ती हव्या लहरीशी जुळवायची, मग सावकाश वळवायची. वेटोळ्याचे तोंड केंद्राकडे झाले की आवाज लोपतो. दोन जागांवरून दिशा घेऊन नकाशावर रेषा आखल्या की त्यांच्या छेदावर केंद्र सापडते. त्यावर उतारा एकच, बिऱ्हाड हलवत राहणे. उषाबेनचे केंद्रही मुंबईत जागा बदलत राहिले.

अखेर फितूर तंत्रज्ञानेच ठिकाण दाखवले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी उषाबेन पकडल्या गेल्या. प्रदीर्घ चौकशीत त्यांनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. पुण्याच्या येरवडा कारागृहात प्रकृती खालावली. १९४६ मध्ये सुटल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.