र. धों. कर्वे आणि जन्मदराचे गणित

भारताच्या लोकसंख्येच्या इतिहासात १९२१ हे ‘महाविभाजक वर्ष’ मानले जाते. त्याआधीच्या दशकात दर हजारी सुमारे ४८ जन्म आणि ४७ मृत्यू होत होते. त्यातच १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि देशाची लोकसंख्या चक्क थोडी घटली. १९२१ नंतरच्या एकाही जनगणनेत ती पुन्हा घटलेली दिसली नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत देशातले पहिले संततिनियमन केंद्र सुरू केले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म १४ जानेवारी १८८२. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. मूल कधी आणि किती व्हावे, हे स्त्रीला ठरवता आले पाहिजे, हा त्यांच्या पुढच्या कार्याचा गाभा होता. देशाच्या डोक्यांची मोजणी त्यांच्या दृष्टीने दुय्यम होती. बाईचे आरोग्य आणि तिची इच्छा आधी.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी शिक्षा टळली नाही. पत्नी मालतीबाईंच्या मिळकतीचा आधार होता. मूल न होऊ देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले.

दरम्यान साथी आणि दुष्काळ आटोक्यात येऊ लागले, मृत्युदर उतरला. जन्मदर मात्र फारसा हलला नाही. वाढ होते ती या मधल्या काळात. जन्मलेले मूल जगेल असा भरवसा वाटू लागतो, मुली शिकतात, साधने हाताशी येतात, तेव्हा जन्मदरही खाली येतो. यालाच लोकसंख्या संक्रमण म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. म्हणजे आकड्यांपुरते आपण बरेच पुढे आलो.

पण याच सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. गणित सोपे आहे. पंचविशीत पहिले मूल होत असेल, तर शंभर वर्षांत चार पिढ्या होतात. अठराव्या वर्षी होत असेल, तर पाचहून अधिक. मुले दोनच असली, तरी लोकसंख्या वाढती राहते. शिवाय कोवळ्या वयातील गरोदरपणात रक्तक्षय, रक्तदाब वाढून येणारे झटके, अपुऱ्या दिवसांचे व कमी वजनाचे बाळ हे धोके जास्त असतात.

कर्व्यांच्या काळात साधनांची माहिती देणेही गुन्हा ठरू शकत होते. आज निरोध, गोळ्या, तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन हे सारे सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रियाही होते आणि ती स्त्रियांच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. मात्र यातले काहीही निवडण्यासाठी मुलगी आधी शहाणीसुरती व्हायला हवी. लग्न अठरानंतर, पहिले मूल विशीनंतर आणि दोन मुलांत किमान तीन वर्षांचे अंतर, एवढे पाळले तरी घरातली बाळंतीण आणि बाळ दोघेही सुखरूप राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते.